केशप्रसाधने, औषधियुक्त (कर-वर्गीकरण)

केशप्रसाधने, औषधियुक्त (कर-वर्गीकरण) : कोंडा, केस गळणे, डोक्याच्या त्वचेचे बुरशीजन्य विकार, डोकेदुखी, निद्रानाश इत्यादींवर गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या, परंतु केसांना लावावयाच्या तेलांना, शांपूंना, चूर्णांना व द्रवांना स्थूलमानाने औषधियुक्त केशप्रसाधने म्हणता येईल. त्यांवर औषध म्हणून कर आकारावयाचा की सौंदर्यप्रसाधन म्हणून, हा भारतीय अप्रत्यक्ष करपद्धतीतील एक चिवट वादविषय होय. प्रसाधने ही चैनीची व औषधे ही निकडीची वस्तू, अशा समजुतीने प्रसाधनांवरील कर दीर्घकाळ औषधांपेक्षा जड ठेवण्यात आला. त्यामुळे एकाच बाटलीवरील लेबल कसे वाचावयाचे, यावर उत्पादकाचा नफा, सरकारचा महसूल आणि ग्राहकाने द्यावयाची किंमत ही तिन्ही अवलंबून राहिली.

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० या कायद्यात दोहोंच्या स्वतंत्र व्याख्या आहेत. रोगाचे निदान, उपचार, उपशम किंवा प्रतिबंध यांसाठी वापरावयाचा पदार्थ ते औषध. शरीरावर चोळून, ओतून, शिंपडून वा फवारून स्वच्छता, सौंदर्य वा आकर्षकता साधण्यासाठी वापरावयाची वस्तू ते प्रसाधन. मूळ कायदा केवळ औषधांचा होता. प्रसाधनांचा अंतर्भाव १९६२ च्या दुरुस्तीने झाला. कागदावर या व्याख्या स्वच्छ वाटतात. परंतु माक्याचे किंवा ब्राह्मीचे तेल घराघरांत केस काळे व दाट राहावेत म्हणून लावतात, तसेच शांत झोप लागावी म्हणूनही लावतात. महाभृंगराज तेलाचा पाठ भैषज्यरत्नावली या वैद्यकग्रंथात आहे. अशा तेलाच्या बाबतीत व्याख्यांमधील सीमारेषा व्यवहारात पुसट होते.

उत्पादन शुल्काच्या जुन्या दरपत्रकात १९६१ मध्ये पेटंट व स्वामित्वाधीन औषधे (बाब १४-ई) आणि सौंदर्यप्रसाधने (बाब १४-एफ) अशा दोन शेजारी बाबी आल्या. मद्यार्कयुक्त द्रवांसाठी मात्र औषधी व प्रसाधन सिद्धपदार्थ (उत्पादन शुल्क) अधिनियम, १९५५ हा निराळा कायदा होता. केंद्रीय उत्पादन शुल्क दरपत्रक अधिनियम, १९८५ अन्वये आंतरराष्ट्रीय नामकरणपद्धतीच्या धर्तीवर नवे दरपत्रक तयार झाले. त्यात औषधे तिसाव्या प्रकरणात व केशप्रसाधने तेहतिसाव्या प्रकरणातील ३३.०५ या शीर्षाखाली घालण्यात आली. वादाचे मूळ या प्रकरणांना जोडलेल्या टिपांत आहे. तेहतिसाव्या प्रकरणातील प्रसाधने रोगनिवारक वा प्रतिबंधक गुणांची असली, तरीही ती तिसाव्या प्रकरणातून वगळलेली आहेत; तसेच गौण स्वरूपाची औषधी द्रव्ये असल्याने प्रसाधनाचे प्रसाधनपण जात नाही. औषधी गुण ‘गौण’ कोठवर आणि ‘मुख्य’ कोठून, हे मात्र टिपा सांगत नाहीत. ते ठरविण्याचे काम न्यायालयांवर पडले.

त्यासाठी वापरलेली पहिली कसोटी लोकव्यवहारातील अर्थाची. अकोल्याच्या एका विक्रीकर प्रकरणात विड्याची पाने ही भाजी ठरतात काय, असा प्रश्न होता. वनस्पतिशास्त्रीय अर्थ बाजूस ठेवून, बाजारात ज्याला भाजी म्हणतात तीच भाजी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. हीच दृष्टी १९९५ मध्ये नागपूरच्या बैद्यनाथ आयुर्वेद भवनाच्या लाल दंतमंजनाला लावण्यात आली. मंजनात आयुर्वेदीय द्रव्ये असली, तरी गेरूचे प्रमाण सु. ७० टक्के होते आणि लोक ते दात घासण्यासाठी रोज वापरीत. म्हणून ते प्रसाधन ठरले. केसांच्या तेलांनाही हाच न्याय लावावा, असा आग्रह महसूल विभागाने पुढे धरला.

त्याच वर्षी सेल्सन या शांपूच्या प्रकरणात (बीपीएल फार्मास्युटिकल्स वि. वडोदरा उत्पादन शुल्क विभाग) मात्र निर्णय उत्पादकाच्या बाजूने झाला. या शांपूत २.५ टक्के सिलेनियम सल्फाइड असते. हे प्रमाण कोंडा, त्वग्वसास्राव व शिबे यांवरील उपचारात्मक मात्रेचे असून बाकीचे घटक केवळ वाहक म्हणून असतात. औषधनिर्मितीचा परवाना, वेष्टनावरील सावधगिरीच्या सूचना आणि जुन्या दरपत्रकाखाली विभागानेच दिलेली औषध ही मान्यता, या बाबी न्यायालयाने विचारात घेतल्या. दरपत्रक बदलले म्हणून वस्तू बदलत नाही, हा त्यातील युक्तिवाद बिनतोड म्हणावा लागेल. शांपू या नावाने मात्र कोणीही फसावे. ‘शांपू’ हे रूप झाले, प्रयोजन नव्हे.

तेलांबाबत शर्मा केमिकल वर्क्सच्या बनफूल तेलाचा निर्णय (२००३) महत्त्वाचा आहे. औषधी द्रव्यांचे प्रमाण अल्प असणे, किंवा तेल वैद्याच्या चिठ्ठीवाचून किराणा दुकानात मिळणे, एवढ्यावरून त्याचे औषधत्व नष्ट होत नाही. ते प्रसाधन आहे असे सिद्ध करण्याचा भार महसूल विभागावर आहे, असे न्यायालयाने म्हटले. नागपूरच्याच प्यूमा आयुर्वेदिकच्या मुखलेपादी उत्पादनांच्या प्रकरणात (२००६) दुहेरी कसोटी मांडण्यात आली : लोक त्या वस्तूला औषध समजतात काय, आणि तिचे घटक आयुर्वेदाच्या अधिकृत ग्रंथांत आहेत काय. दुसरी अट पुरी करणे तुलनेने सोपे असते; खरा कस पहिलीचाच लागतो. २००९ मध्ये नव्या दरपत्रकाखाली लाल दंतमंजनाचा प्रश्न पुन्हा आला, तेव्हाही ते औषध ठरले नाही. उलट २०२३ मध्ये अर्निकायुक्त एक होमिओपॅथिक केशतेल औषध ठरले. निर्णयांचा हा क्रम पाहता प्रत्येक बाटलीचा न्याय स्वतंत्र होतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

उत्पादकाची भूमिकाही बहुधा दुटप्पी असते. जाहिरातीत दाट केशसंभार दाखवावयाचा व करविवरणात रोगोपचार सांगावयाचा, ही कसरत करताना त्याला औषध कायद्याचाही अडसर येतो. औषध नियमावली, १९४५ च्या ‘जे’ अनुसूचीत टक्कल, तसेच केसांचा रंग बदलणे व नवे केस उगविणे यांचा समावेश असून औषधाने ती बरी करण्याचा वा साधण्याचा दावा करता येत नाही. म्हणजे कराच्या सवलतीसाठी औषध म्हणवून घेणाऱ्याने ग्राहकाला सर्वांत मोहक वाटणारे आश्वासन सोडून द्यावे लागते.

साध्या खोबरेल तेलाचा वाद याच कुळातला, पण तेथे दुसरे टोक औषधाचे नसून खाद्यतेलाचे होते. लहान बाटलीत भरले म्हणजे ते केशतेल, असे विभागाचे म्हणणे होते. लेबल वा अन्य खुणांवरून केसांसाठी असल्याचे दिसत नसेल, तर शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, तेव्हा बहुतेक औषधांवर १२ टक्के, केशतेलावर १८ टक्के आणि शांपूवर २८ टक्के कर होता. शांपूचा दर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १८ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून औषधे, केशतेल व शांपू या तिहींवरील सर्वसाधारण दर ५ टक्के झाल्याने तेल व शांपू यांपुरते वादाचे आर्थिक कारण उरले नाही. केसांची क्रीम व कलप यांवर १८ टक्के दर कायम असल्याने त्यांच्या बाबतीत ते शिल्लक आहे. त्यापूर्वी विकलेल्या मालाचे वाद त्या त्या वेळच्या दरांनुसारच निकालात काढावे लागतात. [⟶ सौंदर्यप्रसाधने].