चाळीस वर्षांची वाट, एका दिवसाचे अन्न

कैरोहून हजला निघणारे काफिले शतकानुशतके सुवेझजवळून सीनाचे पठार ओलांडत आणि अकबाला पोहोचत. मध्ये नख्ल नावाचा मुक्काम होता. तिथे पाणी भरून घ्यायचे, जनावरांना विसावा द्यायचा आणि पुढे निघायचे. उंटाच्या चालीने हा रस्ता फार तर आठवडा-पंधरवड्याचा. पण या पठाराचे अरबी नाव आजही 'तीह' आहे. तीह म्हणजे वाट चुकून भटकत राहणे. बनी इस्राईल इथेच चाळीस वर्षे फिरत राहिले, असे मानले जाते.

पंधरवड्याच्या रस्त्याला चाळीस वर्षे का लागली? कुरआनने या प्रवासाची हकीकत एकाच ठिकाणी सांगून संपवलेली नाही. अल-बकरा, अल-माइदा, अल-आराफ, ताहा, अश-शुअरा अशा कितीतरी सूरहमध्ये ती पुन्हा पुन्हा येते. मूसा (अ.) यांचे नाव तर कुरआनात सव्वाशेहून अधिक वेळा आले आहे. इतक्या वेळा जी गोष्ट सांगितली जाते, ती केवळ दुसऱ्या कुणाच्या चुका मोजण्यासाठी नसते. बनी इस्राईल म्हणजे याकूब (अ.) यांची संतती. रायगडकडच्या आमच्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटेल. अलिबाग परिसरात 'शनवार तेली' म्हणून ओळखले जाणारे, मराठी बोलणारे यहुदी स्वतःला बेने इस्राईलच म्हणवतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते शेजारी. तेव्हा ही गोष्ट वाचताना 'ते लोक' असे म्हणून मोकळे होता येत नाही. पुढची प्रत्येक घटना वाचताना आपण आपल्याच घराकडे पाहावे, एवढी विनंती.

सुरुवात समुद्राजवळून करू. पुढे पाणी, मागे फिरऔनचे सैन्य. लोक घाबरून म्हणाले, आता सापडलो. मूसा (अ.) यांनी ठामपणे नाही म्हटले. आपला पालनकर्ता आपल्यासोबत आहे आणि तोच मार्ग दाखवील, असे त्यांनी सांगितले. सूरह अश-शुअरामधला हा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. काठी समुद्रावर मारण्याचा आदेश या उत्तराच्या नंतर येतो. म्हणजे मूसा (अ.) बोलले तेव्हा रस्ता कुठून निघणार हे समोर दिसत नव्हते. समोर होते ते फक्त पाणी.

मग समुद्र दुभंगला, सगळे पार झाले, फिरऔन बुडाला. असा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला पुन्हा कधी भीती वाटू नये, असे आपल्याला वाटेल. पण अल-आराफमध्ये लगेचच पुढे येते की, वाटेत मूर्तींची पूजा करणारे काही लोक दिसले, तर हेच लोक मूसा (अ.) यांच्याकडे आपल्यासाठीही तसाच एखादा देव मागू लागले! पुढे मूसा (अ.) तूर पर्वतावर गेले. तीस रात्रींच्या त्या मुदतीत दहांची भर पडून चाळीस झाल्या. तेवढ्यात इकडे सामिरीने दागिन्यांचे वासरू उभे केले. हारून (अ.) समजावत राहिले, कुणी ऐकले नाही.

यातून आम्हाला एक गोष्ट कळते, ती जरा अवघड आहे. चमत्कार पाहून तवक्कुल येत नाही. आपल्या घरातही हेच होते. अब्बांचे ऑपरेशन सुखरूप पार पडते, तेव्हा सगळे घर सजद्यात जाते. दोन महिन्यांनी मुलाच्या कॉलेजची फी भरायची वेळ येते आणि त्याच घरात असे वातावरण होते, जणू आजवर अल्लाहने कधी काही दिलेच नव्हते. ऑपरेशनच्या रात्रीची दुआ खोटी नव्हती. पण एका रात्रीत मनाची सवय बदलत नाही, आणि बनी इस्राईलच्या मनाला तर गुलामीची सवय होती. गुलामाला छळ सोसावा लागतो, पण उद्याची भाकर कोण देणार हे त्याला ठाऊक असते. ती भाकर फिरऔनच्या हातची असली तरी समोर दिसते.

ही सवय मोडण्यासाठी अल्लाहने त्यांना रोजच्या जेवणातून शिकवले, असे आम्हाला वाटते. वाळवंटात ढगांची सावली दिली. खडकातून बारा झरे काढले, बारा कबिल्यांसाठी बारा, म्हणजे पाण्यावरून भांडण नको. आणि खायला मन्न व सलवा दिले. सलवा म्हणजे बटेरासारखा पक्षी. मन्न नेमके काय होते याबद्दल भाष्यकारांनी वेगवेगळे सांगितले आहे. कुणी दवासारखे पडणारे गोड अन्न म्हणतात, कुणी डिंकासारखे. बुखारी व मुस्लिममधल्या एका हदीसनुसार जमिनीतून आपोआप उगवणारी कुंबी, म्हणजे आपल्या अळंबीसारखी वस्तू, हीदेखील मन्नपैकीच आहे. नांगरणी नाही, पेरणी नाही, माणसाने फक्त वेचून घ्यायचे.

बायबलच्या 'निर्गम' या ग्रंथात आणखी तपशील येतो. रोज त्या दिवसापुरतेच वेचायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही, असे ठरलेले होते. ज्यांनी लपवून ठेवले त्यांच्या भांड्यात सकाळी किडे पडलेले होते. कुरआनात हा तपशील नाही. पण बनी इस्राईल नसते तर मांस नासले नसते, अशा आशयाची एक हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे, आणि तिचा अर्थ सांगताना अनेक विद्वानांनी सलवा साठवून ठेवण्याचाच उल्लेख केला आहे.

त्या तंबूतली रात्र डोळ्यांसमोर आणा. मुले जेवून झोपली आहेत. आईने भांडे पुसून पालथे घातले आहे. घरात दाणा नाही, आणि बाहेर नजर पोहोचेल तिथवर वाळू. तरी झोपायचे आहे. सकाळी मन्न पडलेले असते. दुसऱ्या रात्री पुन्हा भांडे रिकामे. असे वर्षभर झाले तरी वर्षाच्या शेवटच्या रात्री भांडे रिकामेच असणार. समुद्र एकदा दुभंगला होता, पण रिकाम्या भांड्याचा हा धडा रोज रात्री होता.

आणि ते याच धड्याला कंटाळले! एकाच प्रकारच्या अन्नावर आपण राहू शकत नाही, अशी तक्रार त्यांनी केली. जमिनीतून उगवणारे हवे: भाजीपाला, काकडी, मसूर, कांदे आणि 'फूम'. फूम म्हणजे काहींच्या मते लसूण, काहींच्या मते गहू. मूसा (अ.) यांनी विचारले की, उत्तम वस्तू देऊन कमी दर्जाची घ्यायची आहे का (अल-बकरा : 61). कांदा-मसूर खाणे गुन्हा नाही, हे उघड आहे. आपल्यापैकी कुणाचा दस्तरखान त्याशिवाय पुरा होतो? या तक्रारीत आम्हाला मिसरची ओढ ऐकू येते. जिथे मुलगे मारले जात होते, तिथल्या स्वयंपाकघराचा वास त्यांना आठवत होता. भीती आणि कंटाळा आला की माणूस जुन्या जाचातले चांगले तेवढेच आठवतो. व्याजाच्या कर्जातून हातपाय झाडून बाहेर पडलेल्या घरात पुन्हा त्याच दाराशी जायची गोष्ट निघते, तेव्हा सुरुवात अशीच होते: निदान तेव्हा हाताशी पैसा तरी असायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रिकाम्या भांड्याचा धडा म्हणजे बचत करू नये, असा अर्थ कुणी काढू नये. प्रेषित मुहम्मद (स.) आपल्या घरच्यांसाठी वर्षभराचे धान्य राखून ठेवत, हे उमर (र.) यांच्या रिवायतीतून बुखारीत आले आहे. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची त्यांची शिकवण तर मुलांनाही पाठ असते. पक्ष्यांची हदीसही सर्वांना माहीत आहे. सकाळी उपाशी निघतात, संध्याकाळी पोट भरून परततात. त्यातला 'निघतात' हा शब्द मात्र वाचताना बऱ्याचदा निसटतो. घरट्यात बसून राहिलेल्या पक्ष्याबद्दल त्या हदीसमध्ये काही नाही. मूसा (अ.) यांच्या आईनेही बाळाला नदीत सोडले ते पेटीत ठेवून, आणि मागोमाग मुलीला पाठवले, लांबून नजर ठेवायला.

हे लक्षात ठेवले तरच चाळीस वर्षांचे कारण समजते. अल-माइदामध्ये ते येते. पवित्र भूमी जवळ आली होती. मूसा (अ.) यांनी आत जायला सांगितले. लोक म्हणाले, तिथे फार बलाढ्य माणसे आहेत, ती निघून गेल्याशिवाय आम्ही जाणार नाही. त्यांच्यातल्याच दोन ईशभीरू माणसांनी समजावले की, फक्त दरवाजातून आत पाऊल टाका, तेवढ्यानेच तुमची सरशी होईल; ईमान असेल तर अल्लाहवर भरवसा ठेवा. कुरआनने या दोघांची नावे दिलेली नाहीत. भाष्यकार यूशा बिन नून आणि कालिब अशी नावे सांगतात. पण लोक बधले नाहीत. मूसांनी आणि त्यांच्या पालनकर्त्यानेच जाऊन लढावे, आपण इथे बसून आहोत, असे त्यांचे शेवटचे उत्तर होते.

तवक्कुल हा शब्द आपल्याकडे सहसा बसण्यासाठी वापरला जातो. 'अल्लाहवर सोडले' म्हणजे आता काही करायचे नाही. अल-माइदामध्ये चित्र नेमके उलटे आहे. तिथे बसून राहणारे तेच आहेत ज्यांचा भरवसा नाही, आणि ज्या दोघांचा आहे ते 'आत पाऊल टाका' म्हणत आहेत. आखातातली नोकरी सुटून परतलेला माणूस सहा महिने दाराबाहेर पडत नाही आणि विचारले की 'अल्लाह मालिक' म्हणतो. त्याला आळशी म्हणणे सोपे आहे, पण बहुतेक वेळा तो घाबरलेला असतो. त्याला बोल लावू नयेत; त्या दोन माणसांसारखे कुणीतरी त्याच्या शेजारी बसून समोरचा दरवाजा दाखवायला हवा.

हे उत्तर मुसलमानांच्या पहिल्या पिढीने फार लक्षपूर्वक ऐकले होते. हिजरी सन 2 मधल्या रमजानमध्ये, बद्रच्या वेळी, मदिनेहून निघालेली माणसे सुमारे 313 होती आणि समोर जवळपास तिप्पट सैन्य. प्रेषितांनी (स.) सोबत्यांचा सल्ला विचारला. तेव्हा मिकदाद (र.) उभे राहिले आणि म्हणाले की, मूसांच्या लोकांनी जे उत्तर दिले होते ते आम्ही देणार नाही, आम्ही आपल्या उजवीकडून, डावीकडून, पुढून, मागून लढू. प्रेषितांचा चेहरा आनंदाने उजळल्याचे वर्णन बुखारीत आहे. वाळवंटात ऐकलेले एक उत्तर इतक्या शतकांनी मदिनेबाहेर कुणीतरी बदलून दिले.

बसून राहिलेल्यांना मात्र ती भूमी चाळीस वर्षे वर्ज्य झाली. इथे एक गोष्ट आम्हाला थांबून पाहावीशी वाटते. बहुतेक भाष्यकारांच्या मते ढगांची सावली, झरे, मन्न व सलवा हे सारे याच भटकंतीच्या काळातले आहे. म्हणजे शिक्षा चालू होती आणि रोजचे अन्नही चालू होते. शहराचा दरवाजा बंद झाला, पण सकाळचे मन्न बंद झाले नाही. ज्या घराला वाटते की आपल्या चुकांमुळे अल्लाहने आपल्याकडे पाठ फिरवली आहे, त्या घराने हा भाग सावकाश वाचावा.

इब्न खलदून (1332–1406) यांनी आपल्या 'मुकद्दिमा'त या चाळीस वर्षांचा विचार केला आहे. त्यांच्या मते गुलामीत वाकलेली पिढी संपून, हुकूम आणि मार न सोसलेली नवी पिढी वर यायला तेवढा काळ लागतो. विचार पटण्यासारखा आहे. पण कुटुंबाच्या मासिकात आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ती नवी पिढी वाढवली कुणी? त्याच घाबरलेल्या आईबापांनी. जे स्वतः दरवाजातून आत जाऊ शकले नाहीत, त्यांच्याच तंबूत ती मुले मोठी झाली. त्या मुलांनी फिरऔन पाहिला नव्हता, समुद्र दुभंगतानाही पाहिला नव्हता. त्यांनी पाहिले होते एवढेच, की रात्री भांडे रिकामे असते आणि सकाळी अम्मी ते घेऊन बाहेर जाते.

मूसा (अ.) स्वतः त्या भूमीत गेले नाहीत. मृत्यूची वेळ आली तेव्हा त्यांनी दुआ केली की, पवित्र भूमीच्या एका दगडफेकीइतके तरी जवळ नेले जावे. त्यांची कबर रस्त्याच्या कडेला, लाल वाळूच्या टेकडीपाशी असल्याचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना सांगितले. हारून (अ.) त्यांच्या आधीच गेले होते. मग यूशा बिन नून यांनी वाळवंटात जन्मलेल्या त्या मुलांना बरोबर घेतले आणि ते पुढे निघाले.