केमोचा डोस कोण तपासतं?

फार्मासिस्ट म्हटलं की आपल्याला आठवतो गेटसमोरचा मेडिकलवाला. चिठ्ठी बघितली, पट्टी कापली, सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेट दिलं, झालं! मावशीला स्तनाचा कर्करोग झाला आणि केमोथेरपीला मी तिच्यासोबत जाऊ लागले, तेव्हा समजलं की हॉस्पिटलच्या फार्मसीत चालतं ते काम पार निराळं आहे.

केमोचा डोस सरसकट नसतो. तो शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरतो. सेंटीमीटरमधली उंची गुणिले किलोतलं वजन, भागिले ३६००, आणि त्याचं वर्गमूळ. उंची १५० आणि वजन ५४ असेल तर उत्तर येतं बरोबर दीड चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध नेहमीच्या पद्धतीत चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे ९० मिलिग्रॅम. (एम-वनला एवढंच असतं तर कुणाला केटी लागली नसती!) डॉक्टरांनी लिहिलेला हा आकडा फार्मासिस्ट पुन्हा स्वतः काढतो. वजन बरंच उतरलं तर डोस बदलावा लागतो. शिवाय या औषधाने हृदयाला इजा होऊ शकते, म्हणून आजवरच्या सगळ्या डोसांची बेरीजही ठेवावी लागते.

हे गणित चुकलं तर? बोस्टन ग्लोब या वृत्तपत्रात आरोग्यावर सदर लिहिणाऱ्या बेट्सी लेहमन १९९४ मध्ये तिथल्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत होत्या. सायक्लोफॉस्फामाइडचा जो डोस चार दिवसांत मिळून द्यायचा होता, तो रोज एक असा चार दिवस दिला गेला. म्हणजे चौपट. डॉक्टर, फार्मसी, नर्स, कुणाच्याच हाती तो अडला नाही. डिसेंबरमध्ये त्या गेल्या, वय ३९. कारण उघडकीला आलं १९९५ च्या फेब्रुवारीत, कागदपत्रं तपासताना. पुढे तिथे मर्यादेबाहेरचा डोस संगणकच अडवेल अशी सोय केली गेली. 'एकूण' की 'रोज' एवढाच प्रश्न होता. आपले युनिट चुकले तर फार तर दोन मार्क जातात.

औषध मिसळणं हेही जोखमीचं. दोन-दोन हातमोजे, गाऊन, आणि गाळलेल्या हवेचं खास कपाट, कारण ही औषधं बनवणाऱ्यालाही बाधतात. ट्रास्टुझुमॅब तर जोरात हलवायचंही नाही, फेस होतो. हळूच फिरवायचं, आणि ग्लुकोजच्या नव्हे, साध्या मिठाच्या सलाईनमध्ये घालायचं.

आणि मग पेशंटशी बोलणं. आमच्या फार्मासिस्ट मॅडम मावशीला म्हणाल्या, "काकू, उद्या लघवी लाल झाली तर घाबरू नका हं, रक्त नाही ते, औषधाचा रंग. पण ताप १००.४ वर गेला तर नुसती क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, थेट इथे यायचं." इंग्रजी माहितीपत्रक मी आदल्या रात्री पूर्ण वाचलं होतं, पण मावशीला धीर आला तो या दोन वाक्यांनी.

केमो संपल्यावर बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, निदान पाच वर्षं घ्यावी लागते. यकृतातलं एक एन्झाइम या गोळीचं खरं कामाचं रूप तयार करतं, आणि नैराश्यावरच्या पॅरोक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन या गोळ्या नेमकं तेच एन्झाइम अडवतात. कर्करोगाचे डॉक्टर एक चिठ्ठी लिहितात, मानसोपचारवाले दुसरी. दोन्ही आपापल्या जागी बरोबर! त्या शेजारी शेजारी ठेवून वाचतो तो फार्मासिस्ट. म्हणून घरी कुणाची ट्रीटमेंट चालू असेल, तर बीपीच्या गोळ्यांपासून वैद्यांच्या काढ्यापर्यंत सगळं एका पिशवीत भरून न्या आणि काउंटरवर दाखवा. मनाच्या गोळ्याही न लाजता. फक्त कुठलीही गोळी विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नका.