तंजावूरमध्ये लंबकाचे घड्याळ मागे का पडते?

घरच्या कार्यशाळेत लाकडी चक्रांचे लंबकाचे घड्याळ तयार करण्याचा छंद जगभरात जोपासला जातो. अशा घड्याळांचे बहुतेक आराखडे युरोप व अमेरिकेत तयार झालेले असतात. लंडनसाठी आखलेला लंबक तमिळनाडूतील तंजावूरच्या एखाद्या घरात जसाच्या तसा टांगला, तर ते घड्याळ दिवसाला सुमारे दोन मिनिटे दहा सेकंद मागे पडेल. आठवड्यात हा फरक पाव तासावर जातो. यात कारागिराचा दोष नसून त्याचे कारण पृथ्वीच्या आकारात आहे.

पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी व विषुववृत्तापाशी फुगीर आहे, शिवाय ती स्वतःभोवती फिरते. त्यामुळे विषुववृत्ताच्या जवळ गुरुत्वाकर्षणाची ओढ थोडी कमी भरते व लंबक सावकाश झुलतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाण्यास एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची लांबी लंडनमध्ये सुमारे 994 मिलिमीटर, तर तंजावूरमध्ये सुमारे 991 मिलिमीटर असावी लागते. ही लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या साधारण मध्यापर्यंत मोजतात.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे यांना 1672 मध्ये दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे हाच अनुभव आला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्यांचे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. न्यूटन यांनी पृथ्वीच्या आकाराविषयी मांडणी करताना या निरीक्षणाचा आधार घेतला.

तंजावूरचा मोजणीशी संबंध

पृथ्वीच्या आकाराच्या मोजणीच्या इतिहासात तंजावूरचेही नाव आहे. सरफोजीराजे दुसरे यांच्या कारकिर्दीत, 1808 मध्ये, विल्यम लॅम्बटन यांचे पथक येथे त्रिकोणमितीय सर्वेक्षण करीत होते. सुमारे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्राची मोठी हानी झाली. लॅम्बटन यांनी अनेक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले. पुढे 1865 पासून याच सर्वेक्षणाने भारतात ठिकठिकाणी लंबक झुलवून गुरुत्वाकर्षणाची मोजणी केली. हे काम करणारे जेम्स बॅसेवी यांचा 1871 मध्ये लडाखच्या उंच प्रदेशात मृत्यू झाला.

घड्याळाची रचना

खाली उतरणारे वजन चक्रांना फिरवते. मात्र ती सुसाट फिरू नयेत म्हणून एस्केपमेंट नावाची यंत्रणा लंबकाच्या तालावर शेवटच्या चक्राचा एकेक दात सोडते आणि त्याच वेळी लंबकाला हलकासा धक्काही देते. या चक्राला 30 दात असून लंबकाच्या येण्याजाण्याला दोन सेकंद लागत असतील, तर चक्राचा एक फेरा बरोबर एका मिनिटात पूर्ण होतो. मिनिटकाट्याच्या आसावरील चक्राला 64, मधल्या चक्राला 60 आणि दोन्ही लहान चक्रांना प्रत्येकी आठ दात ठेवले की साठास एक हे प्रमाण साधते.

लाकडाची निवड

लाकडी यंत्रणा टिकते का, या शंकेचे उत्तर इंग्लंडमधील सुतार जॉन हॅरिसन यांनी दिले आहे. त्यांनी 1713 मध्ये तयार केलेल्या घड्याळाची लाकडी यंत्रणा आजही जतन केलेली आहे. ओक लाकडाच्या चक्रांना दात बसवताना लाकडाच्या रेषा केंद्राकडून बाहेर जातील, अशी काळजी ते घेत. त्यामुळे दात सहजासहजी तुटत नसत.

कावेरीच्या खोऱ्यात खरी अडचण दमटपणाची आहे. तंजावूरला ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. हवेतील ओलाव्याने लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, उभ्या दिशेने मात्र फारच थोडे वाढते. परिणामी एकाच फळीतून कापलेले चक्र लंबगोल होऊन दात अडकतात आणि घड्याळ बंद पडते. म्हणूनच चक्रांसाठी आडवे-उभे थर चिकटवलेले चांगल्या प्रतीचे प्लायवूड योग्य ठरते. चौकटीसाठी तंजावूरच्या वीणेसाठी वापरले जाणारे फणसाचे लाकूड उपयोगी पडते. पण ते पूर्ण मुरलेले असावे.

लंबकाच्या दांड्यासाठी मात्र सरळ रेषांचे लाकूड पोलादापेक्षा सरस ठरते. तापमान दहा अंशांनी वाढल्यास पोलादी दांड्याचे घड्याळ दिवसाला सुमारे पाच सेकंद मागे पडते. लाकडी दांड्याच्या बाबतीत हा फरक निम्म्याहूनही कमी असतो. दांड्याला सर्व बाजूंनी, विशेषतः दोन्ही टोकांना, व्हार्निश दिल्यास त्यात ओलावा शिरण्याचे प्रमाण कमी होते.

वेळ लावताना

गोळ्याखालील चाकीने लंबकाची लांबी कमीजास्त करता येते. लांबी एक मिलिमीटरने कमी केल्यास घड्याळ दिवसाला सुमारे 44 सेकंद जलद चालते. आट्यांमधील अंतर एक मिलिमीटर असेल, तर लंडनचा लंबक तंजावूरला जुळवण्यासाठी चाकीचे साधारण तीन फेरे पुरतात. दांडा कापण्यापूर्वीच गोळा तेवढा वर चढेल अशी सोय ठेवावी. त्यानंतर रोज ठरावीक वेळी आकाशवाणीच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहावे आणि एका वेळी चाकी थोडीशीच फिरवावी.