द्राक्षबागेच्या खात्यावरील ठेव

नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांत द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते. ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी घड देते. दोन्ही हंगामांत युरिया, डीएपी आणि पोटॅशची खरेदी ठरलेलीच. मात्र त्या बिलात न दिसणारा खर्चही असतो.

नत्र गरजेपेक्षा अधिक झाले की वेल पानांनी माजते. दाट सावलीत डोळ्यांतील घडनिर्मिती घटते आणि वाढ आवरण्यासाठी वाढरोधक फवारावे लागते. 2010 मध्ये भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष युरोपात आढळले आणि निर्यातदारांना मोठा फटका बसला. पालाशचा अतिरेक झाल्यास वेलीला मॅग्नेशियम घेता येत नाही. म्हणजे एका खताच्या जादा मात्रेपायी दुसऱ्या खताचा खर्च वाढतो.

या चक्रावर कंपोस्ट हा जुना आणि भरवशाचा उपाय आहे. छाटणीच्या काड्या बारीक करून शेणाबरोबर कुजविल्यास बागेतील अन्नद्रव्ये बागेतच राहतात. ढिगाचे तापमान 55 ते 65 अंशांपर्यंत चढले, तर रोगाचे बीजाणूही बऱ्याच अंशी नष्ट होतात. कच्च्या काड्या मात्र जमिनीत गाडू नयेत. त्या कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्रच वापरून टाकतात.

आता हिशेब पाहू. कंपोस्टमध्ये एक टक्का नत्र धरले, तर 10 टनांत 100 किलो नत्र होते. युरियात 46 टक्के नत्र असते. त्यामुळे हे नत्र 45 किलोच्या सुमारे पाच गोण्यांइतके भरते. परंतु त्याचा काही भागच पहिल्या वर्षी वेलीला मिळतो, उरलेला सावकाश सुटतो. म्हणून कंपोस्टकडे मुदत ठेवीसारखे पाहावे. ते टाकताच सारी रासायनिक खते बंद करणे हे मुदतीपूर्वीच व्याज मागण्यासारखे होईल.

शेवाळाचे कार्य निराळे आहे. नील-हरित शेवाळ हवेतील नत्र बांधते, पण त्याला भातखाचरासारखे साचलेले पाणी मानवते. द्राक्षासाठी समुद्री शेवाळाचा अर्क अधिक उपयोगी. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कप्पाफायकस शेवाळाची लागवड होते. त्यापासून द्रवरूप अर्क काढण्याची पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने विकसित केली. या अर्कात नत्र अत्यल्प असते. त्यातील वनस्पतिसंप्रेरके मुळांच्या वाढीस आणि अन्नद्रव्यांच्या शोषणास साह्य करतात. 2021 पासून अशी जैवउत्तेजके खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा विकत घेताना नोंदणी आणि लेबल अवश्य पाहावे.

खताची मात्रा किती कमी करावी, हे अंदाजावर सोडू नये. माती परीक्षणाबरोबर पानाच्या देठाची तपासणी हे त्याचे साधन होय. पुण्याजवळ मांजरी येथे 1997 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने या तपासणीला महत्त्व दिले आहे. प्रथम काही ओळींतच मात्रा घटवावी, शेजारच्या ओळी पूर्वीप्रमाणे ठेवाव्यात आणि घडांची संख्या, मण्यांचा आकार व गोडी यांची दोन-तीन हंगाम नोंद ठेवावी. देठातील अन्नद्रव्ये आणि उत्पन्न टिकून राहिले, तरच पुढची कपात करावी.

द्राक्ष, बेदाणा वा कृषी निविष्ठा यांच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांनी हे ध्यानी घ्यावे. बागायतदाराची जमीन सुस्थितीत राहिली, तरच त्याची उधारी फिटते आणि बाजारात मालही येतो.