गोल्फ मैदानावरील शिष्टाचार व सुरक्षा

गोल्फ मैदानावरील शिष्टाचार व सुरक्षा म्हणजे हा खेळ खेळताना सहखेळाडू, कॅडी, माळी, प्रेक्षक आणि प्रत्यक्ष मैदान यांच्या बाबतीत पाळावयाचे संकेत होत. बहुतेक मैदानी खेळांत पंच जवळच उभा असतो. गोल्फमध्ये सामान्यतः तसा कोणी नसतो. खेळाडू आपले फटके आपणच मोजतो आणि नियमभंग झाल्यास दंडाचा फटकाही आपणच आपल्या नावावर लावून घेतो. अशा खेळात सभ्यता कोठे संपते आणि सुरक्षितता कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे. पुढचा गट दूर जाईपर्यंत थांबणे हा विनय आहे, तसाच तो कोणाचा तरी डोळा वाचविण्याचा उपायही आहे.

नियमांतील स्थान

गोल्फची सर्वांत जुनी ज्ञात नियमावली १७४४ साली स्कॉटलंडमधील लीथ येथे तयार झाली; तीत १३ नियम होते. आज ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेतील ‘यूएसजीए’ या दोन संस्था जागतिक नियम ठरवितात. २०१८ पर्यंत नियमपुस्तकाच्या आरंभीच शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण असे. २०१९ च्या फेररचनेत ते प्रकरण गेले आणि त्याचा गाभा नियम १.२ मध्ये आला. प्रामाणिकपणे खेळणे, इतरांचा विचार करणे आणि मैदानाची काळजी घेणे, या तीन अपेक्षा त्यात आहेत. गंभीर गैरवर्तनाबद्दल स्पर्धा समिती खेळाडूस बाद करू शकते. स्थानिक आचारसंहिता करून तिच्या भंगासाठी दंडाचे फटके ठरविण्याचा अधिकारही समितीला आहे.

चेंडूपासून धोका

गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा आणि किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा असतो. आकाराने तो लिंबाएवढा भासतो. परंतु व्यावसायिक खेळाडूच्या पहिल्या फटक्यानंतर त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरांहून अधिक असतो. विटीदांडू खेळलेल्या वाचकाला उडत्या विटीची भीती ठाऊक असेलच. येथे तर मारणारा आणि मार खाणारा यांच्यात दोनशे मीटरांचे अंतर असू शकते, आणि बहुधा दुसऱ्याला पहिला दिसतही नाही.

म्हणून फटका मारण्यापूर्वी पुढचा गट टप्प्याबाहेर गेला आहे, याची खात्री करावी. सरावासाठी काठी फिरवितानाही जवळ कोणी नाही हे पाहावे; काठीने उडालेला खडा किंवा काटकीही इजा करते. जवळपास माळी काम करीत असल्यास त्याला आधी सावध करावे. चेंडू कोणाच्या दिशेने जाताना दिसताच ‘फोर!’ असे मोठ्याने ओरडणे ही मारणाऱ्याची जबाबदारी आहे. क्रिकेटवर वाढलेल्या मराठी कानाला हा शब्द चौकाराचा वाटतो आणि मान आपोआप वर होते. गोल्फमध्ये नेमके उलट करायचे असते: वर न पाहता खाली वाकून दोन्ही हातांनी डोके झाकावे.

इंग्लंडमधील १९२२ च्या ‘कॅसल विरुद्ध सेंट ऑगस्टिन्स लिंक्स’ या खटल्यात, रस्त्यालगतच्या मैदानावरून आलेल्या चेंडूने टॅक्सीची काच फुटून चालकाचा डोळा गेला होता. मैदानाची रचनाच रस्त्याला धोकादायक ठरल्याने न्यायालयाने क्लबला उत्तरदायी धरले. २०१८ मध्ये पॅरिसजवळील रायडर चषक स्पर्धेत चेंडू लागून एका प्रेक्षक स्त्रीच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. इशारा दिला गेला होता की नाही, यावर तेव्हा वाद झाला. टॅक्सीचालक असो वा प्रेक्षक, जखमी होणारा खेळात नव्हताच, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

वीज आणि वन्यजीव

उघडे माळरान, उंच झाडे आणि हातात धातूची काठी यांमुळे गोल्फ मैदानावर विजेचा धोका मोठा असतो. १९७५ मध्ये शिकागोजवळ ली ट्रेव्हिनो या ख्यातनाम खेळाडूला विजेचा धक्का बसला. १९९१ च्या अमेरिकी खुल्या स्पर्धेत वीज पडून एक प्रेक्षक मरण पावला. भोंग्याचा एक दीर्घ आवाज म्हणजे खेळ तत्काळ थांबवा, अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. दोन लहान आवाज झाल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो. मात्र भोंग्याची वाट पाहण्याची गरज नाही. विजेचा धोका आहे असे खेळाडूला सकारण वाटल्यास तो स्वतः खेळ थांबवू शकतो आणि त्याबद्दल दंड नाही. समितीला मात्र कळवावे लागते. झाडाखाली किंवा उघड्या गोल्फगाडीत आसरा घेऊ नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तेथेच थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप जवळच्या विजेची सूचना देते. खानदेशात वळवाच्या दिवसांत शेतकऱ्याला ते जितके उपयोगी, तितकेच खेळाडूलाही.

चेंडूजवळ विषारी साप किंवा मधमाश्या असतील, तर नियम १६.२ प्रमाणे दंडाशिवाय चेंडू सुरक्षित जागी घेता येतो. काटेरी निवडुंगासाठी मात्र ही सवलत नाही.

मैदानाची निगा आणि गती

काठीने उखडलेला हिरवळीचा तुकडा जागेवर बसवावा, ग्रीनवर चेंडू आदळून पडलेला खळगा दुरुस्त करावा, बंकरमधील वाळू दाताळ्याने सारखी करावी. दुसरा खेळाडू फटका घेत असताना बोलू वा हालू नये आणि ग्रीनवर त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय ठेवू नये. फटक्याला ४० सेकंदांहून अधिक वेळ घेऊ नये, अशी शिफारस आहे. हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून ५ ऐवजी ३ मिनिटे झाली. मागचा गट वेगाने खेळत असल्यास त्याला पुढे जाऊ द्यावे.

महाराष्ट्रात

पुण्यात येरवडा, मुंबईत चेंबूर आणि नवी मुंबईत सिडकोने विकसित केलेले खारघर येथे गोल्फची मैदाने आहेत. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. तेथे खेळले जाते ते क्रिकेट. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची स्थापना १९२७ ची. चेंबूरच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी आपल्या गल्ल्यांतच स्वतःचे गोल्फ उभे केले. खरा चेंडू तेथे पत्रे आणि डोकी दोन्ही फोडील. म्हणून लोखंडी सळई वाकवून केलेल्या काठीने ते प्लास्टिकचा चेंडू खेळतात.