यंत्रावांचून निरोपपेटी

वैभववाडी तालुका सह्याद्रीच्या पायथ्याशीं वसलेला आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट तेथूनच वर चढतात. अशा डोंगराळ मुलखांत ज्या कचेरीचा कारभार चालतो, तिचीं निम्मीं माणसें मेजापाशीं सांपडावयाचीं नाहींत. नळयोजनेवर देखरेख ठेवणारा, विजेच्या तारा सांभाळणारा, वाडीवाडींतून हिंडून आजाऱ्यांची विचारपूस करणारी सेविका, यांचें खरें काम रस्त्यावर आणि पावसांत. कचेरींत त्यांना मेज नसतें. मेज नाहीं म्हणून टेलिफोन नाहीं. आणि टेलिफोन नाहीं म्हणून त्यांच्यासाठीं आलेला निरोप ठेवावयास जागा नाहीं. मग तो कोणी तरी कागदाच्या कपट्यावर टिपून घेतो, आणि कपटा पंख्याच्या वाऱ्यानें उडून जातो. डोंगरावरील वाडीचा नळ मात्र फुटलेलाच राहतो.

या अडचणीवर उपाय आहे, आणि तो खर्चाचाहि नाहीं. परंतु त्याच्या आड एक गैरसमज येतो. बोललेला निरोप सांठवून ठेवणारी पेटी, जिला व्हॉइसमेल म्हणतात, ती टेलिफोनच्या यंत्राच्या पोटांत असते असें पुष्कळांना वाटतें. अर्थात् ज्याला यंत्र नाहीं त्याला पेटीहि नाहीं, असा निष्कर्ष ते काढतात. वस्तुस्थिति तशी नाहीं.

कोंकणांतल्या घरांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. मुंबईच्या गिरण्या भरभराटींत होत्या त्या काळीं गिरणगांवांत गांवकरी मंडळांच्या खोल्या असत. एकेका खोलींत पाळीपाळीनें झोपणारीं अनेक माणसें राहात. त्यांपैकीं पुष्कळांचें स्वतःचें घर मुंबईंत नव्हते. तरी गांवाकडचें पत्र 'द्वारा' म्हणून त्या खोलीच्या पत्त्यावर येई आणि ज्याचें त्याला मिळे. पत्र पोंचावयास घर लागत नाहीं. लागतें तें नांव, ठिकाण आणि तें पत्र उचलणारा माणूस. निरोपपेटीचेंहि नेमकें असेंच आहे.

अमेरिकेंतील गॉर्डन मॅथ्यूज यांना या निरोपपद्धतीचें पेटंट १९८३ सालीं मिळालें. पुढें १९९१ च्या सुमारास सिअ‍ॅटल शहरांत बेघर लोकांना अशा पेट्या देण्याचा उपक्रम निघाला. नोकरी मागणाऱ्याला मालकानें उलट निरोप द्यावा कोठें, हा त्यांचा प्रश्न होता. घर नाहीं, यंत्र नाहीं, पण क्रमांक आहे. एवढ्यावर तो सुटला.

कचेरीच्या खाजगी टेलिफोन-केंद्रांत तीन गोष्टींची नोंद निरनिराळी असते. पहिली यंत्राची; दुसरी क्रमांकाची, जिला एक्स्टेन्शन म्हणतात; आणि तिसरी पेटीची. सामान्यतः या तिन्ही एकाच आंकड्यानें जोडलेल्या असतात, म्हणून त्या एकच भासतात. मार्क स्पेन्सर यांनीं १९९९ सालीं 'अ‍ॅस्टेरिस्क' नांवाचें, कोणासहि विनामूल्य वापरतां येणारें केंद्र संगणकावर उभें केलें. त्यांत ही विभागणी उघड दिसते : पेट्यांची यादी एका ठिकाणीं, यंत्रांची दुसऱ्या ठिकाणीं, आणि कोणता क्रमांक फिरविला असतां काय घडावें याचे नियम तिसऱ्या ठिकाणीं. पहिली गोष्ट गाळून उरलेल्या दोन ठेवल्या, कीं यंत्रावांचून पेटी तयार झाली.

प्रत्यक्ष काम असें. कचेरींतील यंत्रांना २०१ ते २२० हे क्रमांक असतील, तर यंत्राविनाच्या पेट्यांना ४०१ पासून पुढचे द्यावेत, म्हणजे घोटाळा होत नाहीं. पेट्यांच्या यादींत तो आंकडा, धन्याचें नांव आणि गुप्त आंकडा लिहावा. नंतर नियमांत स्पष्ट सांगावें कीं, ४०१ फिरविल्यास घंटा न वाजवितां हांक सरळ पेटीकडे न्यावी. हें शेवटचें कलम विसरलें कीं केंद्र नसलेलें यंत्र शोधीत राहतें, आणि बोलणाऱ्याला निरोपाऐवजीं नकाराचा सूर ऐकूं येतो. सांठवणुकीची चिंता नको. टेलिफोनवरील आवाजाचे सेकंदास ८००० नमुने घेतात; त्या मानानें तासभराच्या निरोपांना ३० मेगाबाइटहूनहि कमी जागा पुरते.

खरी अडचण निराळीच आहे. मेजावरच्या यंत्रावर नवा निरोप आल्याचा दिवा लागतो. येथें यंत्रच नाहीं, तेव्हां दिवा कोठला ? म्हणून निरोप येतांच धन्याच्या ई-मेलवर ध्वनीसह सूचना जावी, अशी व्यवस्था पेटी उघडतांनाच करावी. घाटांत जेथें मोबाइलची लहर पोंचत नाहीं, तेथून परतल्यावर ती सूचना त्याची वाट पाहत असेल. शिवाय बाहेरून कचेरीस टेलिफोन करून, आपला गुप्त आंकडा देऊन, निरोप ऐकण्याची सोय ठेवावी.

या गुप्त आंकड्याकडे दुर्लक्ष करणें महागांत पडतें. इंग्लंडांत 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' हें जुनें साप्ताहिक जुलै २०११ मध्यें बंद पडलें, तें लोकांच्या निरोपपेट्या चोरून ऐकल्याच्या प्रकरणामुळें. आरंभीं दिलेले सोपे आंकडे अनेकांनीं बदललेच नव्हते, याचा फायदा चोरांना झाला. पेटीचा क्रमांक हाच तिचा गुप्त आंकडा ठेवणें म्हणजे कुलपाला किल्ली लटकावून ठेवण्यासारखें आहे.

शेवटीं, पेटी माणसाच्या नांवानें उघडावी कीं कामाच्या ? बदली झाली कीं माणूस जातो. काम तेथेंच राहतें. म्हणून 'पाणीपुरवठा तक्रार' अशा नांवाची पेटी अधिक टिकाऊ. मात्र ती रोज कोणी ऐकावयाची, हें नांवनिशीवार ठरलेलें असावें, आणि तो माणूस रजेवर असतां दुसरा कोण, हेंहि. कारण कपटा हरवला तर निदान बोलणाऱ्याला शंका तरी येते. पेटी मात्र त्याला गोड आवाजांत आश्वासन देते. डोंगरावरच्या वाडींतून कोणी पदरचे पैसे मोडून निरोप ठेवला, आणि तो कोणी ऐकलाच नाहीं, तर ती पेटी नसलेलीच बरी होती असें म्हणावें लागेल. यंत्रावांचून पेटी चालते. ऐकणाऱ्यावांचून ती चालत नाहीं.