आधी हवा, मग इंजिन

पॅरामोटरचा पंख म्हणजे शिवलेलं नायलॉनचं कापड. वर एक थर, खाली एक थर, मध्ये उभे पडदे शिवून केलेले कप्पे आणि पुढच्या कडेला हवा आत शिरायला ठेवलेली तोंडं. जमिनीवर पसरला तर त्याला स्वतःचा असा आकार नाही. पुढे सरकताना समोरची हवा कप्प्यांत कोंडते आणि त्या दाबानं कापड ताठ राहतं. हा दाब काढायचं गणित शाळेतल्या पदार्थविज्ञानाचंच आहे : हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. भोपाळच्या उंचीवर, ताशी ३८ किलोमीटर वेगाला उत्तर येतं जेमतेम ६० पास्कल, म्हणजे सहा मिलिमीटर पाण्याचा दाब. माणूस, मोटर आणि पेट्रोल मिळून ११० किलोचा भार आणि २५ चौरस मीटरचा पंख धरला, तर दर चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास वजन येतं. ते तोलायला पंखाच्या वरच्या आणि खालच्या दाबात चाळीस-पंचेचाळीस पास्कलचा फरक पुरतो. सगळा व्यवहार इतक्या थोडक्यात चालतो, आणि त्यात समोरून येणारी हवा क्षणभर ताशी दहा किलोमीटरनं मंदावली की आतला दाब जवळपास निम्म्यावर येतो, कारण वेगाचा वर्ग होतो. पॅरामोटर शिकू पाहणाऱ्याचं सगळं लक्ष मात्र पाठीवरच्या इंजिनाकडे असतं. ते किती सीसीचं, किती अश्वशक्तीचं, कुठल्या देशातून आलेलं, याचीच चौकशी आधी होते. नवशिक्याच्या दृष्टीनं हा क्रम उलटा आहे, आणि भोपाळसारख्या शहरात तो विशेष महागात पडू शकतो.

इंजिन या प्रकरणात फार उशिरा आलं. हवा भरून आकार घेणाऱ्या कापडी पंखाची कल्पना डॉमिना जाल्बर्ट यांनी १९६४ साली अमेरिकेत मांडली. १९७८ मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावच्या डोंगरावरून काही पॅराशूटपटूंनी विमानाच्या भाड्याचे पैसे वाचवायला थेट उतारावरून धावत उड्डाण केलं आणि पॅराग्लायडिंग जन्माला आलं. पाठीवर मोटर बांधण्याचा खटाटोप इंग्लंडच्या माइक बर्न यांनी १९८० च्या सुमारास केला. पुढे फ्रेंच कंपन्यांनी तो रुळवला. मोटरीमुळे डोंगराची गरज संपली. पण डोंगर केवळ उंची देत नव्हता, तो वेळही ठरवून देत होता. उतारावर वारा चुकीच्या बाजूनं येत असेल, झोत अनियमित असतील, तर माणूस पंख गुंडाळून बसून राहतो. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकणाऱ्यांचे तासन् तास असे वाऱ्याकडे बघण्यात जातात, आणि ते वाया जात नाहीत. सपाट मैदानावरून केव्हाही, कुठल्याही दिशेला उडता येतं म्हटल्यावर ही सक्तीची शिकवणी सुटते. भोपाळ माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून पाचशे-सव्वापाचशे मीटरवर वसलेलं. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स या नावांत टेकड्या असल्या तरी त्यांच्यावर आणि त्यांच्याभोवती शहर आहे. तिथून शिकाऊ माणसानं उडी घ्यावी असं काही नाही. तेव्हा इथल्या माणसाला उडायचं तर मोटर हवीच. माझा आक्षेप मोटरीला नाही. डोंगर जे शिकवायचा ते आता दुसऱ्या कोणीतरी शिकवायला हवं, एवढंच म्हणणं आहे.

हवेत गेल्यावर मोटर काय करते ते पाहण्यासारखं आहे. माणूस पंखाच्या सहा-सात मीटर खाली दोऱ्यांना टांगलेला असतो, म्हणजे तो लंबक असतो, आणि एवढ्या लांबीच्या लंबकाच्या एका पूर्ण हेलकाव्याला पाच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. मोटरीचा रेटा, जो ५० ते ७० किलो भाराइतका असू शकतो, पंखाला लागत नाही. तो माणसाच्या पाठीला लागतो. थ्रॉटल एकदम दाबला की माणूस पुढे झुलतो, पंख मागे राहतो आणि त्याचं नाक वर होतं. त्याच वेळी घाबरून ब्रेक (पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या दोऱ्या) ओढलेले असतील तर पंख हवेशी इतका तिरका होतो की उचल संपते, म्हणजे स्टॉल होतो. आणि हे सगळं उड्डाणानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत, जमिनीपासून दहा-वीस मीटरवर. थ्रॉटल एकदम सोडला तर उलटं : माणूस मागे येतो, पंख पुढे झेपावतो. झोक्यावर बसलेलं मूल चुकीच्या क्षणी पाय मारू लागलं तर झोका जसा बिघडतो, तसा नवशिका प्रत्येक हेलकाव्याला अर्धा सेकंद उशिरा उत्तर देत हेलकावे वाढवत नेतो. त्यात मोटरीचा पंखा एका बाजूला फिरतो म्हणून शरीर दुसऱ्या बाजूला वळू पाहतं. जितका रेटा जास्त, तितका हा पीळ जास्त. म्हणून साठ किलोच्या शिकाऊ माणसाला दणकट इंजिन देणं हा उदारपणा नव्हे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : इंजिनच महत्त्वाचं, कारण ते हवेत बंद पडलं तर काय? तर फारसं काही नाही. इंजिन थांबलं की पॅरामोटर पुन्हा पॅराग्लायडर होतो. पंख्याभोवतीच्या पिंजऱ्याचा अडथळा धरूनही तो एक मीटर खाली येताना सहाएक मीटर पुढे जातो. शंभर मीटर उंचीवर मोटर बंद पडली तर हाताशी जवळजवळ एक मिनिट असतं आणि शांत हवेत सहाशे मीटरचा टप्पा. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल तर तोच टप्पा साडेतीनशेवर येतो. म्हणजे इथेही उत्तर वाऱ्याकडेच जातं. उतरताना तर अधिकच. त्याच वाऱ्याकडे तोंड करून उतरलात तर जमिनीशी वेग ताशी २३ किलोमीटर, पाठ करून उतरलात तर ५३. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गात मोजायची, म्हणजे पाचपटीहून जास्त. इंजिन निरुपद्रवी आहे असं मात्र कोणी समजू नये. 'द पॉवर्ड पॅराग्लायडिंग बायबल' या पुस्तकाचे अमेरिकी लेखक जेफ गोइन यांनी अपघातांच्या नोंदींवरून वर्षानुवर्षं बजावलंय की फिरत्या पंख्यात हात जाणं ही गंभीर इजांची ठळक जात आहे, आणि ती बहुधा मोटर सुरू करताना, जमिनीवरच होते. इंजिन जपून हाताळायची वस्तू आहे. उडायचं कसं ते त्याला ठाऊक नसतं.

आता भोपाळची हवा. शहराभोवती काळी जमीन आणि गव्हाची शेती. फेब्रुवारीत उभं हिरवं पीक आणि ओली माती ऊन पचवतात, जमीन हळू तापते. मार्चअखेर-एप्रिलमध्ये गहू कापला जातो आणि तीच जमीन उघडी, काळी, कोरडी होऊन तापू लागते. तिच्यावरची हवा हलकी होऊन स्तंभांनी वर चढते. यालाच थर्मल म्हणतात. मध्य भारतात उन्हाळ्याच्या दुपारी ही घुसळण दोन-तीन किलोमीटर किंवा त्याहूनही वर पोचते. निष्णात पॅराग्लायडरपटू याच स्तंभांवर चढून शेकडो किलोमीटर जातात. नवशिक्यासाठी मात्र चढत्या हवेच्या शेजारची उतरती हवा आणि त्या दोहोंमधली कड हे साठ पास्कलांवर आलेलं संकट असतं. सकाळी नऊ-साडेनऊला घारी पंख न हलवता घिरट्या घालू लागल्या की शिकाऊ माणसाचा दिवस संपला असं धरायला हरकत नाही. एप्रिलमध्ये आसपास नरवाई, म्हणजे कापणीनंतरचे खुंट, पेटवलेली दिसते. वाईट प्रथा, पण धुराची रेघ कुठे वाकते ते डोळे उघडे ठेवणाऱ्याला बरंच सांगते. उष्णतेचा दुसरा खर्च कमी दिसतो. जानेवारीच्या पहाटे दहा अंश तापमानाला इथली हवा घनमीटरला १.१८ किलोच्या आसपास भरते, मेमधल्या ४२ अंशांच्या दुपारी १.०५. घनता अकरा टक्के घटली की तेवढ्याच पंखानं तेवढंच वजन उचलायला सहा टक्के जास्त वेगानं धावावं लागतं, पाठीवर २५-३० किलो घेऊन, आणि त्याच पातळ हवेत इंजिनाची ताकदही तितकीच उतरलेली असते.

मग पहाट सुरक्षित का? बरीचशी, पण तिच्यातही एक फसवणूक आहे. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड आणि जड होते आणि वरच्या हवेपासून तिचा संबंध तुटतो. मैदानात गवताचं पातं हलत नाही, आणि त्याच वेळी शंभर-दोनशे मीटर वर वारा ताशी ३०-४० किलोमीटरनं वाहत असू शकतो, कारण त्याला खाली ओढून धरणारी घुसळण रात्री थांबलेली असते. खालच्या शांततेवर विसंबून वर गेलेला माणूस तोंड वाऱ्याकडे करून जागच्या जागी लटकतो, किंवा उलटा ढकलला जातो. या प्रश्नाचं उत्तर भोपाळला घरबसल्या मिळतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या वेळी हवामानाचे फुगे सोडतात. भारतीय घड्याळात ती वेळ पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. हवामान खात्याचं असं केंद्र भोपाळलाही आहे. फुगा वर जाताना दर उंचीवरचं तापमान आणि वारा कळवतो, आणि ही आकडेवारी इंटरनेटवर सर्वांना खुली असते. तो आलेख वाचता येणं हे माझ्या लेखी थ्रॉटल कसा दाबावा यापेक्षा आधीचं कौशल्य आहे.

आणि मग मोठा तलाव. अकराव्या शतकात राजा भोजानं बांधला असं परंपरा सांगते, २००२ पासून रामसर यादीत आहे, आणि भरला म्हणजे तीसएक चौरस किलोमीटर पसरतो. ज्याला उडायचंय त्याला त्याच्यावरूनच उडायचं असतं, हे समजण्यासारखं आहे. पण पॅरामोटर पाण्यात उतरला की माणूस पाठीवरच्या लोखंडासकट बुडतो. हार्नेसची बकलं, पायांत अडकणाऱ्या दोऱ्या आणि भिजून जड झालेलं कापड त्याला पोहू देत नाहीत. पाणी हा या खेळातला मोठा मारेकरी आहे. पाण्याला लागताच फुगणारे तरंगक मिळतात, तरी इंजिन बंद पडल्यास काठ गाठता येईल एवढ्याच अंतरावर राहणं हा जुना नियम नवशिक्यानं मोडू नये. शिवाय तलावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर राजा भोज विमानतळ, म्हणजे नियंत्रित हवाई हद्द. दक्षिणेला वन विहार राष्ट्रीय उद्यान आणि हिवाळी पक्ष्यांचे थवे. दोन-स्ट्रोक इंजिनाचा कर्कश आवाज तिथे कोणालाच नको. तेव्हा शिकायचं शहराबाहेर, मोकळ्या शेतात. खंडवा जिल्ह्यात हनुवंतियाच्या जल महोत्सवात पॅरामोटरची सैर करून आलेल्यांना हे सांगणं अवघड जातं, कारण मागे बसलेल्या चालकानं सगळं सांभाळलेलं असताना धरणाच्या पाण्यावरून उडणं फार सोपं वाटतं. ते सहल म्हणून उत्तमच आहे, शिक्षण म्हणून त्याचा उपयोग थोडा.

एक प्रतिवाद मात्र वजनदार आहे. हवा शिकली म्हणून माणूस वाचतो, असं पुराव्यावरून दिसतं का? ३९ किलोमीटरवरून उडी मारलेले फेलिक्स बाउमगार्टनर जुलै २०२५ मध्ये इटलीत पॅरामोटरच्याच अपघातात गेले. रशियाच्या आर्क्टिक भागातून इंग्लंडपर्यंत २०१६ मध्ये हंसांच्या वाटेनं पॅरामोटरवर आलेल्या साशा डेंच २०२१ मध्ये स्कॉटलंडमध्ये सहकाऱ्याशी हवेत झालेल्या धडकेत जबर जखमी झाल्या, सहकारी वाचला नाही. ज्ञान म्हणजे विम्याची पॉलिसी नव्हे, हे मान्यच. पण कसलेल्यांचे अपघात आणि नवख्यांचे अपघात वेगळ्या जागी होतात. कसलेला माणूस बहुधा काही अवघड करताना सापडतो. नवखा सापडतो तो उडताना आणि उतरताना, साध्या गोष्टींत. उलट बाजूचा पुरावाही आहे. २०१६ मध्येच भारतीय हवाई दलाच्या चमूनं 'प्रदक्षिणा' मोहिमेत कलाईकुंडाहून निघून देशाच्या कडेकडेनं सुमारे दहा हजार किलोमीटर पॅरामोटरवर कापले. साधन तेच, कापड तेच. तयारीनं आणि हवामान पाहून टाकलेल्या टप्प्यांनी ते जमलं.

पैशानं यातून सुटका करून घ्यायचे दोन मार्ग सुचवले जातात. एक, चाकांची गाडी घ्या, धावायला नको. धावणं वाचतं हे खरं, पण आडव्या वाऱ्यात पंख एका बाजूला झुकला की गाडी उलटते, आणि नांगरलेल्या काळ्या जमिनीतल्या भेगा चाकांना पायांपेक्षा जास्त त्रास देतात. दुसरा, राखीव पॅराशूट. ते असावंच, मात्र उघडायला त्याला उंची लागते आणि नवशिक्याचे बहुतेक प्रसंग त्या उंचीच्या खालीच घडतात. राहतो तो कंटाळवाणा मार्ग : मोटर खोलीत ठेवायची आणि नुसता पंख घेऊन मैदानात, ताशी दहा-बारा किलोमीटरच्या संथ वाऱ्यात, तो डोक्यावर उभा करून तासन् तास धरून ठेवायचा. पंख डावीकडे कलला की आपण डावीकडे त्याच्याखाली सरकायचं, उजवा ब्रेक हलकेच घ्यायचा, आणि हे न बघता, दोऱ्यांतल्या ओढीवरून ओळखायचं. भोपाळच्या हिवाळ्यात अशा वाऱ्याचे तास सकाळी उशिरा आणि दुपार कलल्यावर मिळतात. हप्त्याभरात एकट्यानं उडवून देऊ असं कबूल करणाऱ्या शाळेत पैसे भरण्याआधी एवढंच विचारावं की त्या हप्त्यातले किती दिवस मोटरीशिवायचे आहेत. पहिल्याच दिवशी पेट्रोलचा डबा उघडणार असतील, तर आगाऊ रक्कम देऊ नये.